उसात उतरायचं नाही

संपादकांचा फोन जुलैच्या शेवटी आला. अहमदाबादच्या विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल नुकताच बाहेर पडला होता आणि घरोघरी इंजिनाचं इंधन तोडणाऱ्या फ्युएल स्विचचे जाणकार तयार झाले होते. ‘‘मॅडम, विमानं का पडतात यावर लिहा. सोपं लिहा, आकडेमोड नको. आणि तुम्ही पनवेलच्या, तुमच्या दाराशी विमानतळ येतोय, तेही असू द्या.’’ मोठ्या विमानांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, हे मी त्यांना सांगितलं. माझी हयात गेली ती दोन नाहीतर चार आसनांच्या, एका इंजिनाच्या विमानांत, घामेजलेल्या पोरांच्या उजव्या हाताला बसून. ‘‘मग त्यावरच लिहा,’’ ते म्हणाले. आकडेमोड नको ही अट मात्र मला पाळता येईल असं वाटत नाही.

आधी पनवेलचं उरकून घेते. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मी ‘पायलटकाकू’ आहे आणि गेली दोनेक वर्षं लिफ्टमध्ये एकच प्रश्न विचारला जातो: आता तुम्ही इथेच शिकवणार ना? नाही शिकवणार. उलव्याची टेकडी कापून, नदीचं पात्र वळवून, दहा गावं हलवून केलेली या नव्या विमानतळाची ३७०० मीटरची धावपट्टी सेसना १५२ साठी नसते. समुद्रसपाटीवर, थंड हवेत त्या विमानाला सव्वाचारशे मीटर पुरतात, तेही समोर पन्नास फुटी झाड असेल असं धरून. शिकणाऱ्यांची विमानं बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, जळगाव इथे उडतात. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने अकादमी काढायचं ठरवलं, तिच्यासाठी मागवलेल्या ३४ विमानांपैकी ३१ एका इंजिनाची आहेत. म्हणजे शिकाऊ विमानांच्या अपघातांचा विषय पुढच्या काही वर्षांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांतही वरचेवर येणार. तो कसा येतो, त्याचीच मला धास्ती आहे.

‘प्राथमिक माहितीनुसार तांत्रिक बिघाडामुळे शिकाऊ विमान कोसळले.’ हे वाक्य आपल्या पत्रकारांनी बहुधा टाइप करून ठेवलेलं असतं. अपघाताला तास झालेला नसतो, इंजिनाला कुणी हात लावलेला नसतो, पण बिघाड तांत्रिक असल्याचं कळलेलं असतं. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ वर्डीच्या डोंगरात प्रशिक्षण विमान पडलं, प्रशिक्षक गेला. त्या संध्याकाळच्या पहिल्या बातम्यांत ते हेलिकॉप्टर होतं. ज्यांना पंख आणि पंखा यांतला फरक दिसत नाही ते कारण मात्र ठामपणे सांगतात.

माझ्या डोक्यातून न जाणारी घटना त्याच्या पुढच्या वर्षीची आहे. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीने क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या सराव उड्डाणाला, निघालेली एक विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात सेसना १५२ घेऊन खाली आली. विमान मोडलं. तिला किरकोळ लागलं, गावकरी धावले, तिला बाहेर काढून दवाखान्यात नेलं. दिवसभर टीव्हीवर मोडक्या विमानाचं चित्र फिरत राहिलं. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मला विचारण्यात आलं, ‘‘काकू, पोरीचं काय चुकलं?’’ विमान शेतात आडवं आणि पोरगी चालती-बोलती, तरी पहिला प्रश्न हा. तिच्या विमानाला नेमकं काय झालं यावर मी इथे बोलणार नाही, ते काम अपघात अन्वेषण ब्यूरोचं. २०१२ पासून आपल्याकडे ही स्वतंत्र यंत्रणा आहे आणि तिच्या नियमांतच लिहिलंय की चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी, दोष ठरवण्यासाठी नाही. हे वाक्य सोसायटीच्या बाकापर्यंत काही पोचत नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीलाच चार दिवसांत दोन विमानं पडली, एक १९ तारखेला, दुसरं २२ ला गोजुबावीजवळ. दोन्ही वेळा माणसं वाचली. ज्या संस्थेची ती विमानं होती तिचं प्रशिक्षण डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, थांबवलं आणि ते योग्यच झालं. पण माझे विद्यार्थी तेव्हा विचारत होते ते वेगळंच: ‘‘मॅम, माणसं कशी वाचली?’’ प्रश्न असा विचारायचा असतो.

तर विमानं कशी पडतात? बहुतेक वेळा पडतच नाहीत, उतरताना मोडतात. अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांचा आढावा दरवर्षी निघतो, त्याला नॉल अहवाल म्हणतात. जोसेफ नॉल हे तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे सदस्य होते आणि १९८९ मध्ये व्हेनेझुएलात विमान अपघातातच गेले, म्हणून अहवालाला त्यांचं नाव. वर्षानुवर्षं त्यात हेच दिसतं की चारातल्या साधारण तीन अपघातांचं मूळ वैमानिकाच्या हातांत किंवा निर्णयात असतं, आणि संख्येने सगळ्यांत जास्त अपघात उतरताना होतात. त्यांत माणसं क्वचित मरतात.

त्यांतला एक प्रकार इतका ठरलेला आहे की मी उजव्या खुर्चीतून डोळे मिटूनही ओळखला असता. धावपट्टीच्या दहा-पंधरा फूट वर नाक हळूहळू उचलत विमान तरंगत ठेवायचं आणि मागची चाकं आधी टेकू द्यायची. नवखा पोरगा नजर धावपट्टीच्या तोंडावर खिळवतो, लांबच्या टोकाकडे बघत नाही, त्यामुळे उंचीचा अंदाज जातो. तो योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, जरा जास्त ओढतो, विमान फुगल्यासारखं वर जातं. तो घाबरून योक पुढे ढकलतो, नाकाचं चाक आधी आपटतं, उसळी. पुन्हा पुढे, पुन्हा उसळी, आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी. तिसऱ्याला नाकाचा पाय मोडतो, प्रोपेलर डांबर खरवडून वाकतो. फिरतं इंजिन असं एकदम थांबलं की ते उघडून तपासल्याशिवाय परत उडवता येत नाही. उपाय पहिल्या उसळीलाच असतो: थ्रॉटल पूर्ण पुढे आणि परत वर, गो-अराउंड. सांगायला तीन सेकंद लागतात. करायला पोरगा तयार नसतो, कारण बाहेर बाकी मुलं बघत उभी असतात.

आता खरोखर इंजिन बंद पडण्याकडे येते. हो, बंद पडतात, आणि यंत्र इतर रीतींनीही दगा देतं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथ विमान आपण कौतुकाने फोटोत बघतो, पण त्या जातीच्या काही विमानांचे पंख त्या वर्षांत हवेतच तुटले होते. आपल्या हवाई दलाचं शिकाऊ विमान एचपीटी-३२ दीपक हेही एका इंजिनाचं. त्याचं इंजिन हवेत गप्प होण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. जुलै २००९ च्या अखेरीस हैदराबादजवळ दोन अधिकारी गेले आणि तो सगळा ताफा जमिनीवर बसवला गेला. तिथे बिघाड तांत्रिकच होता आणि तो मान्य करायला व्यवस्थेने फार वेळ घेतला. तेव्हा मी यंत्राची वकिली करतेय असं समजू नका. माझं म्हणणं एवढंच, की फ्लाइंग क्लबच्या विमानाचं इंजिन बंद पडतं तेव्हा आतला लोखंडी भाग तुटलेला क्वचितच असतो. बहुधा त्याला पेट्रोल मिळालेलं नसतं, पेट्रोलऐवजी पाणी मिळालेलं असतं, किंवा हवा मिळालेली नसते.

पाण्याचं बघा. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीत झाकणाच्या जुन्या रबरातून पाणी झिरपतं, अर्धी टाकी रिकामी असेल तर आतल्या हवेतलं बाष्पही पाणी होऊन खाली बसतं. म्हणून सकाळी पंखाखाली वाकून, छोट्या पारदर्शक कपात प्रत्येक टाकीतलं थोडं पेट्रोल काढायचं आणि कप आकाशाकडे धरायचा. आमचं अ‍ॅव्हगॅस फिकट निळं असतं. पाणी असेल तर तळाशी रंग नसलेला एक गोळा थरथरत असतो, कप कलता केला की तो भिंतीवरून घरंगळतो. तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचं. एका विद्यार्थ्याने मला कप दाखवून सांगितलं होतं, ‘‘मॅम, एकदम क्लीन.’’ क्लीन होतंच. कपात सगळं पाणीच होतं, निळा रंग औषधालाही नव्हता. पाण्याला पाण्याचा गोळा दिसणार कसा? तेव्हापासून मी मुलांना कप नुसता बघायचा नाही, त्याचा वास घ्यायचा आणि मागे पांढरा कागद धरायचा, असं शिकवते.

हवा न मिळण्याची गोष्ट लोकांना खोटी वाटते. आपल्या कोकणपट्टीत, २७ अंश तापमानात, जुलैच्या दमट दुपारी विमानाच्या इंजिनात बर्फ होतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा जाताना तिचा दाब उतरतो, तिथेच पेट्रोलची वाफ होते, आणि माठाच्या अंगावरून पाणी उडून जाताना माठ गार पडतो तसा तो घसा गार पडतो, पण कितीतरी जास्त. तीस-पस्तीस अंशांची घट सहज होते. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते तिथेच गोठतं आणि घसा आवळत जातो. थ्रॉटल कमी करून खाली येताना धोका सर्वांत जास्त. इंजिन खोकत नाही, आवाज करत नाही, नुसते फेरे हळूहळू कमी होतात. उपाय म्हणून डॅशबोर्डवर एक मूठ असते, कार्ब हीट. ती ओढली की गरम हवा आत जाते, बर्फ वितळतो. पण वितळलेलं पाणी इंजिनातूनच जातं, त्यामुळे ते आधी जास्तच गचके खातं. पोरगं घाबरतं, आपण काहीतरी बिघडवलं असं समजून मूठ परत आत ढकलतं. इथे दम धरायचा असतो, आणि पुढे बघत अर्धा मिनिट काहीही न करणं ही विसाव्या वर्षी शिकायची सर्वांत अवघड गोष्ट आहे. या बर्फाची आणखी एक खोड म्हणजे विमान शेतात पडल्यावर, चौकशी पथक पोचेपर्यंत तो वितळून गेलेला असतो. कार्ब्युरेटर उघडला तर कोरडा, इंजिन चालवून बघितलं तर उत्तम. मग वर्तमानपत्रात पुन्हा ‘गूढ’.

आता माझ्या आवडीच्या भांडणाकडे येते. संपादक हा भाग कापणार असतील तर त्यांनी आधी मला फोन करावा.

उड्डाणानंतर पाचशे फुटांवर इंजिन गेलं. धावपट्टी मागे आहे, लांब, गुळगुळीत, ओळखीची. समोर शेतं, ओढा, खांब. काय कराल? ज्याला विचाराल तो मागे वळू म्हणतो. आमच्या धंद्यात या वळणाला अशक्य वळण म्हणतात आणि त्यावर गेली कित्येक दशकं वाद आहे. सेसनाच्या पुस्तिकेचं म्हणणं साधारण असं की सरळ समोर उतरा, अडथळा चुकवण्यापुरतंच वळा, मागे फिरण्याइतकी उंची आणि वेग तुमच्यापाशी सहसा नसतो. उलट १९९५ मध्ये डेव्हिड रॉजर्स या अमेरिकी नौदल अकादमीतल्या प्राध्यापकांनी गणित मांडून दाखवलं की पुरेशी उंची असेल आणि ४५ अंशांच्या कलात वळलात तर हे वळण शक्य आहे. अलीकडे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानेही प्रशिक्षकांना सांगितलंय की असं वळण कधी जमतं आणि कधी नाही हे विद्यार्थ्यांना करून दाखवा.

गणित खरं आहे. मीही मांडून बघते, तुम्हीही बघा. सेसना १५२ इंजिनाविना तरंगतं तेव्हा उत्तम वेग ६० नॉट. सरळ उडताना, फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या पट्ट्या, न लावता, पंख हवेला धरून ठेवायचं सोडतात तो वेग, आमच्या भाषेत स्टॉल, पूर्ण भारात साधारण ४८ नॉट. म्हणजे बारा नॉटांची शिल्लक. आता ४५ अंशांत कलंडून वळा. वळताना पंखांना विमानाच्या वजनाच्या १.४ पट भार उचलावा लागतो आणि स्टॉलचा वेग ४८ वरून ५७ वर जातो. शिल्लक राहिली तीन नॉट. हबकलेल्या हाताने योक अर्धा इंच जास्त ओढला की ती तीनही गेली. कल तीसच अंश ठेवा म्हणाल, तर शिल्लक वाढते पण वळायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि तेवढी उंची नसते. शिवाय वळण १८० अंशांचं नसतंच. वळता वळता तुम्ही बाजूला सरकता, म्हणून धावपट्टीच्या रेषेवर यायला दोनशे दहाएक अंश जावं लागतं आणि मग तीसएक अंश परत. वाऱ्याविरुद्ध उडालेलं विमान परतताना वाऱ्याच्या पाठीवर असतं, खालची झाडं भराभर मागे पळताना दिसतात, वेग फार झाला असं वाटून हात योक आणखी ओढतो. वेग मात्र मुळीच फार नसतो.

स्टॉल इंजिन चालू असतानाही होतो, हे मला दर बॅचला पुन्हा सांगावं लागतं. पंख हवेला फार उभा धरला की वरून वाहणारी हवा पंखाला सोडते, एवढंच. इंजिनाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. तो वळताना झाला तर एक पंख आधी सोडतो आणि विमान गिरकी घेत नाकावर खाली जातं. सेसना १५२ ला एका गिरकीतून सावरायला साधारण हजार फूट लागतात. पाचशे फुटांवर असलेल्या माणसाने पुढचा हिशेब करू नये.

म्हणून माझं मत: वळण शिकवा, पण ते किती महाग आहे हे कळावं म्हणून. मी मुलांना तीन हजार फुटांवर नेते, एक रस्ता धावपट्टी मानते, चढता चढता न सांगता थ्रॉटल बंद करते. कागदावर हे वळण तीनशे फुटांत बसतं. पोराच्या हातात पाचशे-सहाशे फूट जातात, कारण पहिले चार-पाच सेकंद तो माझ्याकडे बघत असतो. मग त्याने स्वतःच्या हाताने तो आकडा वहीत लिहायचा आणि त्यात निम्मा अजून मिळवायचा. त्या उंचीच्या खाली धावपट्टी आपल्या मागे नाहीच असं समजायचं. काही सहकारी म्हणतात, एकदा दाखवलं की पोरं खरोखर करायला जातील. असेलही. एका चांगल्या प्रशिक्षकाशी माझं यावरून बोलणं बंद आहे.

शंका मला आहे ती वेगळीच. ‘सरळ समोर उतरा’ हा नियम ज्या काळात झाला तेव्हा धावपट्टीच्या समोर शेतं असायची. पनवेल-उरणच्या भातखाचरांवर आज खारघर, कामोठे, उलव्याचे मनोरे आहेत. जुहूत एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला पार्ले. बारामतीभोवती अजून शेत शिल्लक आहे, उद्या त्याचेही प्लॉट पडतील. समोर शेत नसेल तर माझा नियम कुणाला शिकवायचा? याचं उत्तर मी शोधतेय. तोवर, जिथे शेत आहे तिथे ते वाचायला शिकवते.

शेत वाचणं ही पुस्तकात नसलेली विद्या आहे. पनवेलहून बारामतीला जाताना गाडीत मी चालकाच्या शेजारी बसते आणि मागच्या सीटवरच्या मुलांना विचारत जाते: आत्ता, इथे, कुठे उतरशील? शहरातलं पोर हिरवंगार, सपाट गालिच्यासारखं रान निवडतं. तो ऊस असतो. वरून तो जमिनीसारखा दिसतो, पण जमीन त्याच्या आठ-दहा फूट खाली असते. चाकं शेंड्यांना लागली की विमान पुढे जायचं थांबतं आणि नाकावर आत बसतं. म्हणून उसात उतरायचं नाही. हिरवं टाळायचं, पिवळट-तपकिरी शोधायचं: काढलेला कांदा, ज्वारीचं धसकट, पडीक माळ. नांगरलेल्या रानात उतरायचंच झालं तर सरीच्या दिशेनेच, आडवं कधीही नाही, चाक रुतून विमान उलटतं. भाताचं खाचर दिसायला गुळगुळीत, पण दर वीस पावलांवर बांध. डाळिंबाच्या बागेत लोखंडी तारा ताणलेल्या असतात. शेततळ्याचा काळा प्लास्टिकचा कागद लांबून चकाकतो आणि पोरांना तो डांबरी रस्ता वाटतो. आणि विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत. दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरायचं. विहीर असेल तिथे मोटार आहे आणि मोटार असेल तिथे खांब. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. इंग्रजीच्या धास्तीने रेडिओवर ततपप करणारी गावाकडची मुलं या परीक्षेत शहरातल्या मुलांना कच्चं खातात, आणि ते बघताना मला जरा जास्तच आनंद होतो, हे लपवत नाही.

तारांवरून आठवलं. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाहून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या टाकलेल्या तारेला धडकून नदीत पडलं, प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेली. नदीवर खाली उडायचा मोह मी समजू शकते. पाणी वेगाने खालून सरकतं, पहिल्यांदाच वेग अंगाला जाणवतो. २३ जून १९८० ला दिल्लीत संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना पिट्स विमानातून कमी उंचीवर कसरती करताना गेले. त्यावर आजही घातपाताच्या कथा सांगणारे भेटतात. पिट्स हे कसरतींसाठीच बनवलेलं, उत्तम विमान आहे. त्याला फक्त उंची लागते. यापेक्षा जास्त गूढ मला त्यात कधी दिसलं नाही.

ढगांचं थोडक्यात सांगते, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांना, ज्यांना उपकरणांवर उडायचं शिक्षण नव्हतं, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान उडवायला दिलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. आषाढात पनवेलहून कर्नाळ्याचा सुळका बघितला असेल तर आठवा, आता आहे आणि आता नाही. विमानातून तो तसाच दिसतो, फक्त तुम्ही त्याच्याकडे ताशी दीडशे किलोमीटरने चाललेले असता. उन्हाळ्याचा त्रास याच्या उलट. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. चाळीस अंशांच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ती साडेपाच हजार फुटांची असते. जे झाड सकाळी सहज ओलांडलं, ते दुपारी दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन ओलांडलं जात नाही. विमान तेच, वैमानिक तोच. बातमीत अर्थातच तांत्रिक बिघाड.

एवढं सगळं माहीत असून अपघात होतात, याचं कारण हवेत सापडत नाही. व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे दोनशे तास लागतात आणि तासाचा दर ऐकून घरची माणसं खाली बसतात. कुणी जमीन विकलेली असते, कुणी घर गहाण टाकलेलं. त्या पोराला प्रत्येक तास ‘पूर्ण’ करायचा असतो. वारा आडवा आहे म्हणून परत ये म्हटलं की त्याला डोळ्यांसमोर बाबांचा हप्ता दिसतो. संस्थेलाही विमान हवेत हवं असतं, जमिनीवरचं विमान तिला खर्चात घालतं. मी नाव घेणार नाही अशा एका ठिकाणी, विद्यार्थ्याने गो-अराउंड केला की ‘पुन्हा का गेलास, सर्किटचा खोळंबा झाला’ म्हणून त्याला सगळ्यांसमोर विचारलं जायचं. पुढे त्या ठिकाणी मोडलेले नाकाचे पाय वाढले, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. इंजिन गेल्यावर मागे वळायचा मोहही यातूनच येतो. समोरच्या शेतात उतरलं तर विमान मोडेल, लाखोंचं नुकसान होईल, नाव पेपरात येईल, सोसायटीच्या बाकावर चर्चा होईल. मागे वळून धावपट्टी गाठली तर कुणालाच काही कळणार नाही. मरण्याच्या भीतीला त्या चार सेकंदांत मनात यायला वेळच नसतो, लाज मात्र लगेच येते. इंजिन बंद पडलं त्या क्षणी विमान विमा कंपनीचं झालं, आता त्याच्यातून फक्त तू बाहेर यायचंस, हे वाक्य मी प्रत्येक मुलाकडून सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या, आदल्या दिवशी माझ्यासमोर म्हणवून घेते. काही हसतात. म्हणतात मात्र सगळे.

दिवाळीनंतर बारावीच्या पोरांचे आईबाप माझ्याकडे यायला लागतील. दरवर्षी येतात, चकलीचा डबा घेऊन. कुठली संस्था चांगली, कुठे लवकर तास होतात, कुठे सुरक्षित आहे. नाव मी सांगत नाही. विमानं नवी आहेत का, सिम्युलेटर आहे का, हे सगळे विचारतातच, ते विचाराच. त्याशिवाय तिथल्या मुलांना बाजूला घेऊन दोन गोष्टी विचारा. सकाळी तेलापाण्याचं, पेट्रोलचं बघताना घाई केली जाते का? आणि वारा वाढला म्हणून तूच उड्डाण नाकारलंस तर दुसऱ्या दिवशी यादीत तुझं नाव कितव्या नंबरवर येतं? दुसऱ्याचं उत्तर देण्याआधी पोराने मागे वळून कुणी ऐकतंय का बघितलं, तर चेक लिहू नका.